हेली वूड : केंब्रिजजवळचं एक जुनं रान

शुक्रवार

भाची केंब्रिजला संशोधन करते. तिच्याकडे जायचं ते एप्रिलच्या उत्तरार्धातच, हे मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. शहराच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर हेली वूड नावाचं एक छोटं रान आहे आणि तिथे याच दिवसांत ऑक्सलिप फुलते. प्रिम्युला वंशातलं हे फिकट पिवळं फूल इंग्लंडच्या पूर्वेकडच्या मोजक्या जुन्या रानांतच उरलं आहे. माझी उमेदीची सगळी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली. मुलांना घेऊन मुळशी-मावळातल्या देवराया पालथ्या घातल्या. इंग्लंडच्या रानांचा इतिहास शोधणारे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकहॅम यांचं लिखाण हाती लागलं ते त्याच काळात, आणि त्यात हेली वूडचं नाव सारखं भेटायचं. १९७५ मध्ये त्यांनी या एवढ्याशा रानावर अख्खं पुस्तक लिहिलं.

म्हणून केंब्रिजमध्ये आधी गेले ती कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात. कॉलेजची स्थापना १३५२ ची. बाहेर कोपऱ्यावर सोनेरी घड्याळापाशी कायम गर्दी असते. त्याच्यावर भलामोठा नाकतोडा बसवलाय, तो तोंड हलवत एकेक क्षण गिळतो. आतला जुना चौक मात्र साधा आहे, बसक्या छपराचा आणि लहान खिडक्यांचा. रॅकहॅम यांनी (१९३९–२०१५) हयात या कॉलेजात काढली, काही काळ कॉलेजचं प्रमुखपदही सांभाळलं. त्यांचे लाल मोजे इथे अजून सगळ्यांच्या आठवणीत आहेत.

इतिहासकार दप्तरं वाचतात, वनस्पतिशास्त्राची माणसं रानात हिंडतात. रॅकहॅम यांनी दोन्ही केलं आणि वर जुन्या इमारतींच्या छपरांत शिरून तुळया, वासे, कैच्या मोजल्या. त्यातून त्यांनी दाखवलं ते असं : मध्ययुगातला सुतार मोठं झाड चिरून त्याचे वासे काढत नसे. जेवढा वासा हवा तेवढ्याच जाडीचं ओकचं झाड तो रानात हेरायचा आणि चार बाजूंनी तासून अख्खं वापरायचा. वाशाच्या कडेला कुठे कुठे मूळ खोडाची गोलाई तशीच राहिलेली दिसते. म्हणजे एका घराला बारीक बारीक झाडं पुष्कळ लागत, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहावीत अशी रानाची व्यवस्था असे. घरं वाढली म्हणून रानं संपली, हे आपण गृहीत धरतो. इथल्या छपरांची साक्ष उलटी आहे.

दुपारी क्वीन्स कॉलेजातलं ओकच्या चौकटींचं ते प्रसिद्ध घर पाहिलं. मागच्या काळात अशा चौकटींच्या मधल्या जागेत हेझलच्या काठ्या विणून त्यावर चिखल लिंपायची पद्धत होती. कोकणात कारवीच्या काठ्यांचा कुड घालून शेणमातीने सारवतात, तेच हे बांधकाम. कुडाच्या भिंती पाहिलेल्या माणसाला इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

संध्याकाळी सेंट जॉन्स कॉलेजवरून चालत घरी. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इथेच शिकले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या माणसाला त्या दारासमोर दोन मिनिटं थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी थांबले.

शनिवार

सकाळी भाचीच्या गाडीने निघालो. बार्टन गाव सोडलं की डाव्या हाताला लॉर्ड्‌स ब्रिजची वेधशाळा लागते. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी आकाशातल्या रेडिओस्रोतांची मोजदाद मांडून फ्रेड हॉइल यांच्या स्थिरस्थिती सिद्धांताला (विश्व कायम असंच आहे, त्याला आरंभ नाही) आव्हान दिलं, आणि हॉइल यांच्या बाजूने उत्तराची तयारी करणाऱ्यांत जयंत नारळीकर हा तरुण विद्यार्थी होता. हा किस्सा मराठी वाचकांना ठाऊक असतो. पण वेधशाळेतल्या मोठ्या दुर्बिणीच्या डिश ज्या सरळ मार्गावर उभ्या केल्या, तो ऑक्सफर्ड-केंब्रिज रेल्वेचा सोडून दिलेला मार्ग आहे. तीच रेल्वे पुढे हेली वूडच्या कडेने जायची. भाची रोज इथे सायकलने येते-जाते, तिलाही हे नवीन होतं. “मावशी, तू आल्याशिवाय मला माझंच गाव कळणार नाही,” म्हणाली.

लाँगस्टो गावानंतर रोमनांनी आखलेला अर्मिन स्ट्रीट ओलांडायचा. आता तो साधा डांबरी रस्ता आहे, पण अजूनही सरळ. पुढे रस्त्याकाठी पाण्याची उंच टाकी दिसते, तीच खूण. टाकीसमोरून एक रुंद गवताळ पाणंद शेतांमधून वर जाते आणि टोकाला रानाची काळसर रेघ. दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेतं, एकही घर नाही.

रानात पाऊल टाकताच पहिली गोष्ट जाणवते ती चिखल. जमीन चिकणमातीची, हिमयुगात बर्फाने आणून पसरलेली, आणि जागा सपाट. पाणी मुरत नाही आणि वाहूनही जात नाही. एप्रिलमध्ये इथल्या वाटांवर घोट्याएवढं पाणी असतं. गमबूट नसतील तर जाऊ नये. ऑक्सलिप इथे टिकली ती या पाण्यामुळेच. जिथे जमीन जरा कोरडी, तिथे डॉग्ज मर्क्युरी नावाची वनस्पती दाट गालिचा करते आणि दुसऱ्या कुणाला डोकं वर काढू देत नाही. पण तिला पाय ओले झालेले सोसत नाहीत. रानाच्या मध्याकडे, पाणी साचतं तिथे ती मागे हटते आणि ऑक्सलिपची हद्द सुरू होते.

वाट वळली आणि समोर ऑक्सलिप. एक-दोन झुबके नव्हते, नजर जाईल तिथवर झाडांच्या बुंध्यांमधून पिवळं पसरलेलं, मधूनमधून पांढरी अ‍ॅनिमोन. मी तिथेच चिखलात गुडघे टेकले.

पानांचा चक्राकार झुबका, पानं सुरकुतलेली, जाळीदार. मधून वीतभर उंच लवदार दांडा आणि त्याच्या टोकाला दहा-बारा फुलं, सगळी एकाच बाजूला मान टाकलेली. पाकळ्यांचा रंग लिंबाच्या आतल्या सालीसारखा फिका, घशाशी मात्र गडद. भिंग काढलं आणि शेजारशेजारच्या दोन झाडांची फुलं पाहिली. एकीच्या नळीच्या तोंडाशी हिरवट गोल टोक होतं, टाचणीच्या माथ्याएवढं. ती कुक्षी, आणि पुंकेसर आत नळीत खोल. दुसरीत नेमकं उलटं : तोंडाशी पुंकेसरांचं कडं आणि कुक्षी आत दडलेली. एका झाडाची सगळी फुलं एकाच प्रकारची. चार्ल्स डार्विन यांनी १८६२ मध्ये प्रिम्युलातला हा फरक मांडला आणि त्याचं कारणही शोधलं : एका प्रकारचा पराग दुसऱ्या प्रकारावर पडला तरच बी चांगलं धरतं. मधमाशीच्या सोंडेवर पराग जिथे चिकटतो, नेमकी तिथेच दुसऱ्या फुलाची कुक्षी भिडते. वर्गात फळ्यावर ही आकृती किती वर्षं काढली. जिवंत फुलात ती पहिल्यांदा पाहत होते आणि भाचीला बोलावून बोलावून दाखवत होते. शेवटी भिंग तिनेच माझ्या हातून घेतलं आणि झाडं मोजायला लागली, कुठली कशी ते.

डार्विन यांच्या काळापर्यंत ऑक्सलिप हा काऊस्लिप आणि प्रिमरोज या त्याच वंशातल्या दोन फुलांचा संकर असावा अशी समजूत होती. ती स्वतंत्र जात आहे हे नंतर नीट सिद्ध झालं.

पोळीभाजी खाल्ली ती एका कापलेल्या पट्ट्याच्या कडेला बसून. हा पट्टा पाहून कुणीही म्हणेल की इथे लाकूडतोड्यांनी धुडगूस घातलाय. हेझल, अ‍ॅश, मेपल सगळी जमिनीलगत छाटलेली, काठ्यांच्या मोळ्या रचलेल्या, अधूनमधून एखादा ओक तेवढा उभा. पण हेली वूड आज उभं आहे ते या छाटणीच्या जोरावर. याला कॉपिस म्हणतात. उसाचा जसा खोडवा धरतात तसंच : बुडखा जमिनीत राहतो, मुळं जुनी आणि ताकदीची, त्यामुळे पुढच्याच उन्हाळ्यात बुडख्यातून सरळसोट धुमारे उठतात आणि काही वर्षांत पुन्हा कापणीला येतात. काठ्या कुंपणाला, कुडाला, चुलीला. मधले ओक पन्नास-साठ वर्षं किंवा जास्त राखून मग इमारतीला. दरवर्षी रानाचा एक तुकडा कापायचा, पुढच्या वर्षी दुसरा. फेरी पूर्ण होईपर्यंत पहिला तुकडा परत वाढलेला असतो.

कापलेल्या पट्ट्यात ऊन जमिनीपर्यंत पोचतं. त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात ऑक्सलिपला सगळ्यात जास्त बहर येतो. सावली दाटली की फुलं कमी होतात, पण झाड पानांवर तग धरून राहतं, पुढच्या कापणीची वाट बघत. शेकडो वर्षं माणसाच्या कोयत्याशी या फुलाचं वेळापत्रक जुळलेलं आहे.

मला हे पचवायला वेळ लागला, हे सांगायला हवं. आपल्याकडे देवराईत कुऱ्हाड बंद. वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, देवाचा कोप होतो. मालकीच्या रानात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, ऐनाची कवळं तोडतात ती वेगळी. राखलेलं ते हात न लावलेलं, हे माझ्या मनात पक्कं होतं. देवराई तशीच टिकली, ते खरंच आहे. पण हेलीच्या या बुडख्यांपुढे बसल्यावर कवळ तोडलेल्या ऐनाकडेही मी आजवर फार घाईने पाहिलं असं वाटायला लागलं. ठरावीक फेरीने, बुडखा राखून, गुरं बाहेर ठेवून तोडणं ही सुद्धा राखणच असते. तोडणारा किती जाणता आहे आणि त्याला पुढच्या फेरीची शाश्वती आहे का, यावर सगळं ठरतं.

रविवार

रात्री पाऊस झाला. भाचीला प्रयोगशाळेत काम होतं, तिने मला टाकीपाशी सोडलं आणि दुपारी न्यायला येते म्हणाली. आज रानाच्या कडेकडेने पूर्ण प्रदक्षिणा घालायची होती.

हद्दीवर मातीचा रुंद बांध आहे आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला चर. शेताचा बांध असतो तेवढा किरकोळ नाही, चांगला ऐसपैस, आता पावसापाण्याने झिजून गोलसर झालेला. मध्ययुगात रानाची हद्द पक्की करायला आणि नुकत्याच कापलेल्या धुमाऱ्यांवर गुरं येऊ नयेत म्हणून हे घालत. बांध सरळ जात नाही, वळणं घेत जातो. सरळ रेषेत आखलेल्या हद्दी बहुधा अलीकडच्या, नागमोडी त्या जुन्या, हा रॅकहॅम यांनी शिकवलेला ठोकताळा. बांधावर अ‍ॅशचे बुडखे आहेत. एकाच्या भोवती हात पसरून गेले तर माझे तीन वाव भरले. मधला भाग कुजून पोकळ झालाय आणि कडेने खोडांचं वर्तुळ उभं आहे. वर दिसणारी खोडं तरुण, खालचं झाड कित्येक शतकांचं.

आणि कागदही आहे. १२५१ मध्ये केंब्रिजजवळच्या इलीचे बिशप ह्यू ऑफ नॉर्थवोल्ड यांनी आपल्या सगळ्या जमिनींची मोजणी करवून घेतली. त्या दप्तरात ‘हेली’ नावाचं रान, क्षेत्र ८० एकर, अशी नोंद आहे. आपल्याकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते, तेव्हाची ही गोष्ट. तेच नाव, तीच जागा, आणि उपयोगही तोच. इंग्लंडमध्ये १६०० च्या आधीपासून सलग असलेल्या रानाला ‘प्राचीन’ म्हणतात. हेलीचा पुरावा त्याच्या साडेतीनशे वर्षं मागे जातो.

आग्नेयेच्या कडेला रेल्वेची जुनी वाट लागते. रूळ कधीच उचलले आहेत. बेडफर्ड ते केंब्रिज हा फाटा १८६२ मध्ये सुरू झाला आणि १९६७ च्या अखेरीस शेवटची गाडी धावली. आता तिथे काटेरी झुडपं आणि फुलपाखरं. रान आणि रूळ यांच्या बेचक्यात एक त्रिकोणी शेत अडकलं होतं. ते १९२० च्या दशकात कसायचं सोडलं आणि त्याचंही रान झालं. आत शिरलं की पायाखाली सरी-वरंब्यासारखे लांब उंचवटे जाणवतात, मध्ययुगीन नांगरटीचे. झाडं भरपूर, उंचही. नवख्या माणसाला दोन्ही रानं सारखीच वाटतील. पण खाली पाहावं. जुन्या रानातली ऑक्सलिप या बाजूला विरळ होत जाते. बी जड, फार लांब जात नाही, आणि सावलीतलं हे फूल शेतातल्या मातीत आपला संसार हळूहळूच थाटतं. शंभर वर्षं झाली तरी शेजारच्या रानातलं सगळं काही इथे आलेलं नाही. एक रान तोडून बदल्यात दुसरीकडे तेवढीच झाडं लावू, असं जेव्हा जेव्हा सरकारी कागदावर वाचते, तेव्हा तेव्हा आता मला हा त्रिकोण आठवेल. झाडं लावता येतात. जमिनीवरचं हे सगळं लावता येत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली कापणी थांबली होती आणि रान अंधारत चाललं होतं. १९६२ मध्ये स्थानिक वाइल्डलाइफ ट्रस्टने ते विकत घेतलं आणि पुढे स्वयंसेवकांच्या हातांनी कापणीची फेरी पुन्हा चालू केली. रॅकहॅम त्या हातांपैकी एक होते. दर वर्षीच्या नोंदी त्यांनी वह्यांत लिहून ठेवल्या.

धोके आहेतच. पहिला हरणांचा. फॅलो हरणं आणि मुंटजॅक कोवळे धुमारे आणि ऑक्सलिपची फुलं दोन्ही फस्त करतात. मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचं चीनकडचं भावंड. वोबर्नच्या उमरावाच्या बागेत आणून ठेवलेली ही हरणं बाहेर पडली आणि देशभर झाली. आपल्या सह्याद्रीत भेकराचं भुंकणं ऐकलं की मन प्रसन्न होतं. इथे ते ऐकून राखणदार कुंपण तपासायला जातो, कारण इथे त्याला खाणारं कुणी नाही. कापलेल्या पट्ट्यांभोवती उंच जाळ्या आहेत. जाळीच्या आत फुलं दाट आणि बाहेर कुरतडलेले दांडे, हा फरक दोन पावलांत दिसतो.

दुसरा धोका अ‍ॅशच्या झाडांवरचा. बुरशीचा रोग ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये आढळला आणि पूर्व इंग्लंडला त्याचा तडाखा पहिल्यांदा बसला. हेलीत अ‍ॅश भरपूर. वर पाहिलं तर शेंड्यांच्या फांद्या नुसत्या काटक्या झालेल्या, बुडाशी मात्र पालवी फुटायच्या बेतात. बांधावरच्या त्या बुडख्यालाही रोग लागलेला होता. त्याच्या पोकळीत हात घालून आतलं ओलं भुसभुशीत लाकूड पाहिलं आणि फार वाईट वाटलं. शतकानुशतकं कापून घेतलं, ते या रोगातून निभावेल का? काही झाडं रोगाला दाद देत नाहीत, एवढाच दिलासा.

सोमवार

केंब्रिजहून इली आगगाडीने पंधरा-वीस मिनिटं. सपाट काळ्या शेतांतून जाताना कॅथीड्रल मैलोन्‌मैल आधीच दिसायला लागतं. हेलीचा मालक बिशप होता, त्यामुळे ज्याच्या दप्तरात ते रान सापडतं त्याचं ठिकाण पाहायलाच हवं होतं. ह्यू ऑफ नॉर्थवोल्ड यांनी बांधवून घेतलेला पूर्वेकडचा भाग १२५२ मध्ये अर्पण झाला, रानाच्या मोजणीनंतर एका वर्षाने. त्यांची काळसर संगमरवरी मूर्ती इथेच आहे.

पण खिळवून ठेवतो तो अष्टकोन. १३२२ मध्ये मधला मनोरा कोसळला आणि त्या जागी दगडी अष्टकोनावर लाकडी ‘कंदील’, म्हणजे खिडक्यांचा मनोरा, उभारला. त्याचे आठ कोपऱ्यांचे ओकचे खांब प्रत्येकी ६३ फुटांचे. इतकी लांब, सरळ झाडं तेव्हाही सहज मिळत नव्हती. त्यासाठी शोध घेत घेत बेडफर्डशरमधल्या चिकसँड्‌सपर्यंत जावं लागलं. छताखाली उभं राहून मान दुखेपर्यंत पाहिलं. शुक्रवारी पाहिलेली घरं बारीक ओकांची, आणि हा अपवाद : मुद्दाम हुडकून आणलेले महावृक्ष. रोजच्या रानातून रोजचं लाकूड आणि असं काही बांधायचं असेल तर साऱ्या मुलखात शोध, ही त्यांची रीत होती. वर जाऊन खांब जवळून पाहण्याची वेळ ठरवून सोय आहे. माझ्या गुडघ्यांनी नाही म्हटलं, भाची जाऊन आली आणि खांबांवरच्या कुऱ्हाडीच्या खुणांचे फोटो घेऊन आली.

कुणाला हेलीला जायचं असेल तर : रान वर्षभर खुलं असतं, तिकीट नाही. ऑक्सलिप एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत, त्यानंतर कोरड्या कडांना ब्लूबेल. आत दुकान, स्वच्छतागृह, बाकडं काही नाही, पाणी-खाणं बरोबर घ्यावं. कडेने एक फेरी तास-दीड तासात होते, भिंग असेल तर अख्खा दिवस ठेवा. फुलं आणि पानं वाटेवरूनच पाहावीत, चिखल टाळायला बाजूने गेलं की पाय पडतो तो नेमका ऑक्सलिपवर. कापणीचं काम हिवाळ्यात चालतं आणि त्यात स्वयंसेवक लागतात. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एखादा रविवार जरूर द्यावा. भाचीने नाव नोंदवलं आहे.